सर ओरडतात, म्हणून कबड्डी सोडवायची का?

दापोली तालुक्यातली एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली (ओळख पटणारे तपशील बदलले आहेत). मुलगी पंधरा वर्षांची, संघात डावा कोपरा, म्हणजे बचावाच्या रांगेतलं डावं टोक, सांभाळते. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या सलग दोन चढाया गुणाविना गेल्या होत्या, ही तिसरी चढाई होती. ही घाईने पुढे गेली, पकड सुटली, सामना गेला. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्यामुळे हरलो." तेव्हापासून सरावाची वेळ झाली की पोटात दुखतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आईचा पेच असा: "मॅडम, सरांशी बोलले तर हिला संघाबाहेर बसवतील, नाही बोलले तर ही खेळच सोडेल."

मुलीला सरांची वाक्यं जशीच्या तशी सांगायला लावली. बहुतेक मैदानी सूचना निघाल्या: "मागे ये!", "हात सोडू नको!" गोंगाटात आवाज चढणारच. झोंबणारं होतं ते "तुझ्यामुळे" आणि "तुला जमणारच नाही". मारहाण, शरीरावरून शेरे, दुखापतीत खेळवणं किंवा एकटीला बोलावणं यातलं काहीही असतं, तर सरांची समजूत काढत बसायचं नसतं. थेट शाळेला कळवायचं, किंवा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

सराव पाहिल्यावर खरी गोष्ट लक्षात आली. चढाईवाली आत आली की कोपऱ्याची नजर तिच्या पायांवर हवी. ही नेमकी त्याच क्षणी बाजूला उभ्या असलेल्या सरांकडे बघायची. हात घोट्यापाशी पोचेपर्यंत पाय निघून गेलेला असायचा, मग पुन्हा ओरडा. सरांना तो आळस वाटत होता. ते जुने खेळाडू, संध्याकाळी बिनमोबदला शिकवणारे, आणि स्वतःही असंच ऐकून घडलेले. मुलीची नजर कुठे जाते ते दाखवल्यावर त्यांना ते लगेच पटलं.

आईने त्यांना सरावानंतर बाजूला गाठलं आणि निवडीचा विषय न काढता एवढंच म्हटलं: "सर, काय करायचं ते तिला सांगा, ती ऐकेल. चारचौघांत 'तुझ्यामुळे' म्हटलंत की ती घरी जेवत नाही."

मग टाइमआउटची पद्धत ठरवली. टाइमआउट 30 सेकंदांचा. त्यातले पहिले दहा पाणी आणि श्वास, कोणी बोलायचं नाही. मग सरांची एकच सूचना. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावरच्या तिसऱ्या चढाईत गुण घेतला नाही तर चढाईवालीच बाद होते, आणि समोर पाच किंवा कमी बचावपटू असतील तर तिला बोनस रेषा ओलांडण्याचा गुणही मिळत नाही. म्हणजे कोणाला तरी शिवायला तिला आत यावंच लागतं. तेव्हा सूचना एवढीच: "थांब, येऊ दे." उरलेला वेळ कर्णधाराचा. ती कोपऱ्यांशी नजर मिळवून हात धरून केलेली बचावाची साखळी कुठून सुटायची ते ठरवते. मुली सरांपेक्षा तिचं लवकर ऐकतात, हे सरांनाही मान्य होतं. चूक दुरुस्त करायची दुसऱ्या दिवशी: तोच प्रसंग आधी अर्ध्या वेगात, पकड बसली की पूर्ण वेगात.

घरच्यांसाठी एक पथ्य. परतीच्या एसटीत सामन्याची उजळणी नको. बाबांना हे जड गेलं.

सरांचा आवाज अजून चढतो, पण "तुझ्यामुळे" बंद झालं. मुलीची नजर पुन्हा पायांवर आहे, पोटदुखी फक्त मोठ्या सामन्याआधी येते. तुमच्याकडे महिनाभरात एवढाही फरक दिसला नाही, तर मुख्याध्यापकांशी किंवा क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीशी बोला. मंडळ बदलायचं झालं तर आधी मुलीला विचारा, आणि हंगामाची खेळाडू-नोंदणी होण्यापूर्वी ठरवा.