पहिली रायफल घेताना

भाऊ, पहिली म्हणून .२२ची (छोट्या गोळीची) आखूड बोल्ट-अ‍ॅक्शनच घे, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्टचा दांडा ओढायची रायफल. मोठ्या गोळीच्या .३१५चा मोह आत्ता नको. तिच्या धक्क्याने आणि आवाजाने नवखा माणूस डोळे मिटतो, आणि ती सवय लवकर सुटत नाही. परवाना आधी. शहरात राहतोस, तर अर्ज पोलीस आयुक्तालयात. शिकार १९७२च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा रायफल नेमबाजीच्या रेंजसाठीच.

नवी नळी कारखान्याच्या ग्रीससकट येते. पहिल्या गोळीआधी ती पुसून कोरडी कर. बोल्ट काढून साफसफाईचा रॉड शक्यतो चेंबरकडूनच, म्हणजे गोळी बसते त्या मागच्या बाजूनेच घाल. नळीच्या तोंडाच्या कडेला ओरखडा गेला की नेम गेलाच समज. साध्या शिशाच्या गोळीला दर फैरीनंतर घासायचे सोपस्कार लागत नाहीत. त्यापेक्षा दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या कागदावर मारून बघ, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. बोल्ट सुरुवातीला अडखळेल. थोडं तेल लाव, वापराने तो मऊ होतो. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मात्र दाबू नकोस, बऱ्याच .२२मध्ये गोळीवर आदळणारी पिन मग चेंबरच्या काठावर आदळते.

आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळीच रेंजवर जा, दुपारी नळी थंडच होत नाही. पावसाळ्यात कापडी कव्हरमध्ये ठेवू नकोस, गंज धरतो.