रांगेतून बाहेर पडलीस, त्याबद्दल

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट वाचलं. कुणकेश्वरच्या यात्रेत तिकीट काढून, रांगेत उभी राहून, पाळण्याची कडी उघडल्यावर तू मागे फिरलीस आणि मैत्रिणी हसल्या. आता कॉलेजची सहल मुंबईकडच्या मोठ्या पार्कात जाणार, तिथे याहून कितीतरी मोठं जायंट व्हील, आणि तुझी झोप आत्तापासून उडाली आहे. ‘बाई, मी एवढी भित्री कशी?’ असं विचारतेस.

भित्री तू नाहीस. भर पावसात व्हाळावरचा साकव ओलांडून तू शाळेत यायचीस. सुपारीच्या खांडांचा, शेवाळलेला साकव, एका बाजूला धरायला काठी, दुसऱ्या बाजूला काही नाही आणि खाली लाल पाणी. सरळ समोर बघत, पाय चाचपत तू पलीकडे जायचीस. म्हणजे उंची आणि धोका दोन्ही तुला माहीत आहेत. मग पाळण्यातच असं काय आहे, ते शोधलं पाहिजे.

नारळ पाडायला येणारा पाडेली आठव. चाळीस-पन्नास फुटांवर झावळ्यांत बसून तो खालच्या माणसाशी गप्पा मारतो. माडावर असे सहज चढणारे, पण यात्रेतल्या पाळण्याला नको म्हणणारे गडी मी पाहिले आहेत. लोकांना याचं नवल वाटतं, मला वाटत नाही. माडावर त्याचे दोन्ही हात खोडाला असतात, पाय खाचेत रुतलेले असतात आणि डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर खोड असतं. पुढचं पाऊल कधी टाकायचं, कधी थांबायचं, कधी उतरायचं, हे सगळं त्याच्या हातात. पाळण्यात बसल्याक्षणी हातापायांचं काम संपतं. थांबवणारा माणूस खाली, लिव्हरवर हात ठेवून उभा. तू वर. माझ्या मते या भीतीचं मूळ उंचीत कमी आणि या रिकाम्या हातांत जास्त आहे.

त्यात डोळ्यांचाही भाग मोठा आहे. आपला तोल डोळे, आतला कान, आणि पायांचे तळवे व स्नायू, असे तिघे मिळून सांभाळतात. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर किंचित झुलत असतं. जवळची भिंत, खांब, झाड नजरेत जरासं सरकतं आणि त्यावरून मेंदूला ते झुलणं कळतं, तो लगेच सावरतो. उंचावर गेल्यावर जवळ काहीच उरत नाही. सगळं इतकं लांब असतं की आपण दोन बोटं हललो तरी नजरेत काही सरकत नाही. डोळे म्हणतात काही हललं नाही, कान म्हणतो हललं. मेंदूचा गोंधळ होतो आणि तो सावधगिरीची घंटा वाजवतो. कुणकेश्वरला तर समोर अथांग समुद्र, नजर टेकवायला जवळचं एक झाडही नाही. जर्मनीत साडेतीन हजारांवर लोकांना विचारून २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी उंचावर असा त्रास झालेले त्यात २८ टक्के निघाले. म्हणजे तुझ्या रांगेत वीस जण असतील तर पाच-सहा जणांच्या पोटात तेच चाललं होतं. बाकीच्यांनी सांगितलं नाही, एवढंच.

आता एक गंमत बघ. कणकवलीहून रेल्वेने मुंबईला जाताना रत्नागिरीजवळ पानवलचा पूल लागतो. ६४ मीटर उंच. तू त्यावरून अनेकदा गेली आहेस, बहुतेक वेळा वडा खात. व्हिएन्नातला १८९७ सालचा प्रसिद्ध पाळणा जवळजवळ तेवढाच आहे, ६५ मीटरला थोडा कमी. उंची तीच, पण गाडीत खिडकीची चौकट जवळ असते, पायाखाली घट्ट फळी असते, शेजारी कुणाचं तरी बाळ रडत असतं आणि पूल बघता बघता मागे पडतो. पाळणा तसा मागे पडत नाही. तो वर नेऊन थांबवतो आणि विचार करायला भरपूर वेळ देतो. रोलर कोस्टरवर बसणारी माणसं पाळण्याला घाबरतात ती यामुळेच. तिथे छातीवर घट्ट पट्टा असतो आणि घाबरायला सुरुवात होते न होते तोच खेळ संपलेला असतो.

पाळणा वर का थांबतो, तेही सांगते, कारण तू लिहिलंस की वर थांबला की काहीतरी बिघडलं असंच वाटतं. तो थांबतो कारण खाली कुणीतरी चढत-उतरत असतं. चालवणारा एका बाजूचे पाळणे ओळीने भरत नाही. एक भरला की चाक फिरवून समोरच्या बाजूचा भरतो, नाहीतर सगळं वजन एकीकडे होईल. म्हणून ती थांबाथांब. आणि थांबल्यावर पाळणा झुलतो तो वरच्या पिनेवर मोकळा टांगलेला असतो म्हणून. चाक फिरलं तरी तुझं आसन सरळ राहतं ते त्याच मोकळेपणामुळे. पीन जाम झाली असती तर पाळणा चाकाबरोबर कलंडला असता. ज्या झुलण्याने तुझा जीव जातो, ते यंत्र नीट चालल्याचं लक्षण आहे.

पोटात गोळा येतो तो मात्र मनाचा खेळ नाही, ते शुद्ध पदार्थविज्ञान आहे, आणि हे मी तुला दहावीत शिकवलं आहे. आठ मीटर त्रिज्येचा पाळणा दहा सेकंदांत एक फेरी घेत असेल तर केंद्राकडे होणारं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ एक तृतीयांश येतं. स्वतः मांडून बघ. पन्नास किलोची मुलगी वजनकाट्यावर बसून फिरली तर माथ्यावर काटा चौतीसच्या आसपास दाखवेल आणि पाच सेकंदांनी तळाशी सहासष्टच्या. दर पाच सेकंदांनी शरीर हलकं-जड, हलकं-जड होत राहतं. लंडनचा मोठा पाळणा १३५ मीटर उंच आहे, पण एका फेरीला अर्धा तास घेतो, बंद काचेच्या खोल्यांचा आहे, आणि सहसा माणसं चढताना-उतरतानाही थांबत नाही, इतका संथ. त्यात हा फरक कुणालाच जाणवत नाही. तेव्हा पार्कातलं मोठं चाक यात्रेतल्या छोट्या, उघड्या, भरधाव पाळण्यापेक्षा तुला सोपं जाण्याची शक्यता चांगली आहे. उंची बघून घाबरू नकोस. वेग किती आणि आसन उघडं की बंद, ते बघ. हे चाक काढणाऱ्या फेरिस नावाच्या इंजिनिअरनेही १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात २६४ फुटांचं पहिलं चाक उभारलं तेव्हा त्याला टांगल्या होत्या त्या साठ-साठ माणसांच्या बंद खोल्याच.

पण तुझ्या पत्रात एक ओळ आहे, तिला मी भीती म्हणणार नाही. ‘खाली ओंडके कसेतरी लावलेले दिसले, आणि कडीला तार बांधलेली होती,’ असं तू लिहिलंस. बाय, हे निरीक्षण आहे. यात्रेतला पाळणा चार दिवसांसाठी वाळूवर किंवा कातळावर उभा राहतो आणि पुन्हा सुटा होऊन ट्रकमध्ये जातो. अशा यंत्राकडे संशयाने बघणं हे शहाणपणच आहे. बसण्याआधी एक पूर्ण फेरी लांबून बघावी. पायाखालचे ओंडके हलतात का, चाक एका बाजूला लचकतं का, दांडा प्रत्येकाच्या पुढ्यात नीट अडकतो का आणि चालवणारा तो स्वतः ओढून बघतो का. तारेने बांधलेली कडी दिसली तर न बसणं हेच बरोबर, मग कुणी कितीही हसो.

आणखी एक गोष्ट तू कंसात, अगदी बारीक अक्षरात लिहिलीस. साकवावर किंवा विजयदुर्गच्या तटावर उभी असताना क्षणभर ‘उडी मारली तर?’ असं मनात येतं, आणि पाळण्यात तसंच झालं तर, याचीच तुला जास्त भीती आहे. हे लिहायला धीर लागतो. हा विचार पुष्कळांना येतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधकांनी चारशेवर विद्यार्थ्यांना विचारून २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या मनात जीव द्यायचा विचार कधीही आला नव्हता, त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक जणांनी उंचावर असा झटका आल्याचं सांगितलं. शरीर तुला कडेपासून मागे ओढतं आणि मन नंतर त्याचा उलटा अर्थ लावतं, असं ते संशोधक मानतात. पण सपाट जमिनीवर, घरात, उदास असताना असे विचार येत असतील तर ती वेगळी बाब. मग माझ्या पत्राची वाट न बघता आईला सांग, मला फोन कर, किंवा १४४१६ या, मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोल.

आता सहलीचं. बसलंच पाहिजे असं मुळीच नाही. बसावंसं वाटत असेल तर आत्तापासून थोडी तयारी कर. देवगडच्या किल्ल्यावर जा, तटाशी हात टेकून उभी राहा आणि मन निवेपर्यंत तिथेच थांब. इथे बहुतेकांचं चुकतं. भीती शिगेला पोचली की माणूस पळतो, सुटल्यासारखं वाटतं, आणि पळालो म्हणून वाचलो एवढंच मन शिकतं. न पळता थांबलं तर काही मिनिटांत छातीची धडधड आपोआप उतरते, आणि मग मन वेगळं काहीतरी शिकतं. पाळण्याच्या रांगेतून बाहेर पडायचं झालं तरी पड, पण लांब निघून जाऊ नकोस. खाजं घे, पाळण्याजवळच उभी राहून खा. जनरेटरचा आवाज, वरून येणाऱ्या किंकाळ्या, सगळं ऐकत राहा. चक्कर येऊन पडेन अशी धास्ती वाटते, पण या भीतीत रक्तदाब वाढतो, पडत नाही, त्यामुळे शुद्ध हरपणं क्वचितच घडतं. जमिनीवर, बसल्या जागीही गरगरत असेल तर मात्र कान तपासून घे.

बसलीस तर ढगांकडे बघू नकोस, मान मागे टाकू नकोस. जवळची वस्तू धर: दांडा, समोरच्या मैत्रिणीचा चेहरा, पाळण्याची चौकट. समुद्र दिसत असेल तर क्षितिजाची रेघ चालेल, ती हलत नाही. पाय फळीवर जोरात दाब. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव.

मैत्रिणींना आधीच सांगून ठेव की पाळणा मुद्दाम हलवायचा नाही, आणि चालवणाऱ्यालाही सांग. ‘चल गं, काही होत नाही’ या आग्रहाला बळी पडू नकोस. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गिब्सन आणि वॉक या दोघांनी रांगत्या बाळांना जाड काचेवर ठेवून पाहिलं. काचेच्या एका भागाखाली खोल खड्डा दिसायचा. पलीकडून आई हाका मारत होती, तरी बहुतेक बाळं काचेच्या त्या भागावर गेली नाहीत. आईच्या हाकेनेही जी गोष्ट हलली नाही, ती मैत्रिणींच्या हसण्याने हलावी अशी अपेक्षा कुणी करू नये, तूही नाही.

मला एक गोष्ट कळव. समोरासमोर दोन बाकं असलेल्या पाळण्यात एका बाकाचं तोंड चढताना चाकाच्या आतल्या बाजूला असतं आणि उतरताना मोकळ्या आकाशाकडे. दुसऱ्या बाकाचं बरोबर उलट. आतल्या बाजूला बघताना आरे, मधला आस, समोरचे पाळणे असं नजरेला धरायला पुष्कळ असतं. लहानपणी तू बाबांबरोबर बसायचीस तेव्हा चढताना जास्त वाटायचं की उतरताना? चढताना वाटत असेल तर भीती बहुधा नजरेची आहे, आणि चढताना तोंड आत असेल ते बाक निवडायचं. उतरतानाच वाटत असेल तर नजर आणि पोट दोन्हींचा प्रश्न, मग यात्रेतला पाळणा सोडून देऊन पार्कातल्या संथ, बंद चाकापासून सुरुवात करू. आठवून लिही, आणि लिहिताना तेव्हा कुठल्या बाकावर बसली होतीस तेही लिही.

तुझ्या बाई