टोकन देण्याआधी आरसीवरचं फायनान्स कंपनीचं नाव उतरवून घ्या

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. लायसन्स नुकतंच हातात आलंय, बजेट सव्वातीन लाख, कराडमध्ये २०१६ ची वॅगन-आर पसंत पडली आहे, आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) एका फायनान्स कंपनीचं नाव आहे, मालक म्हणतात "हप्ते कधीच फिटलेत, एनओसी महिन्याभरात आणून देतो", आणि तुम्ही उद्या टोकन द्यायला निघालात. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मीही हेच ऐकलं होतं. ते शब्दन् शब्द खरं होतं, तरीही गाडी माझ्या नावावर व्हायला वर्ष उलटलं. म्हणून सांगतो, उद्या टोकन देऊ नका.

इंजिन, क्लच, सस्पेन्शन यावर मी लिहीत नाही. विश्वासातल्या मेस्त्रीला सकाळी इंजिन थंड असताना गाडी दाखवा, तो अर्ध्या तासात सांगेल. कागदांचं मात्र तो काही सांगू शकत नाही.

मी सांगलीचा. गाडी पुण्याची, एमएच-१२ पासिंगची आय-टेन. मालक निवृत्त गृहस्थ, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. कर्ज खातं बंद झाल्याचं स्टेटमेंट त्यांनी स्वतःहून दाखवलं. पण हप्ते फिटले म्हणून आरसीवरचं नाव आपोआप जात नाही. कंपनीकडून एनओसी (आमची हरकत नाही असं पत्र) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, तो आरटीओत फीसकट द्यायचा, मग एचपी (आरसीवरचा कर्जाचा बोजा) उतरतो. गृहस्थांना गाडी विकायचीच नव्हती तोवर या कामासाठी ते कशाला जातील? बहुतेक लोक जात नाहीत. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसत असताना आपण जमिनीचा व्यवहार करत नाही, गाडीलाही तोच नियम लावा.

खरा त्रास झाला तो त्या कंपनीच्या कार्यालयाचा. ज्या शाखेतून कर्ज दिलं होतं ती बंद होऊन दुसऱ्या शाखेत गेली होती. तिथे गेलो तर फाइल मुख्य कार्यालयात. मुख्य कार्यालय म्हणे, शाखेतून विनंती यायला हवी. मी कर्जदार नाही म्हणून माझ्याशी कोणी बोलायला तयार नाही, आणि गृहस्थ तोवर मुलाकडे बंगळूरला गेलेले. त्यांनी तिथून मेल केले, तर उत्तर आलं की कर्जदाराने ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष यावं. ते बिचारे त्यासाठी रात्रभर बसने प्रवास करून आले. मग कळलं की चेक बाउन्सचा जुना दंड शिल्लक आहे. रक्कम किरकोळ होती, पण खातं बंद केल्याचं पत्र देताना त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. तो भरला. शेवटी एनओसी आलं, तर त्यात चासी नंबरचा एक आकडा चुकलेला. आरटीओने कागद परत केला, आणि त्यांचं बरोबरच होतं. दुरुस्तीसाठी पुन्हा नवा अर्ज. अशा एनओसीची मुदत साधारण ९० दिवसांची असते, ती या फेऱ्यांतच संपली.

हप्ता एक दिवस चुकला तर सकाळ-संध्याकाळ फोन करणारी माणसं कर्ज फिटल्यावर एक पान धड टाइप करून देऊ शकत नाहीत, याचा मला आजही संताप येतो. सत्तरीतल्या माणसाला त्या काउंटरसमोर तासन् तास उभं केलं, साधी खुर्ची दिली नाही.

आणि फटका बसला तो इन्शुरन्सच्या बाजूने. पेठ नाक्याजवळ एका टेम्पोने रिव्हर्स घेताना माझ्या गाडीचं तोंड चेपलं. बॉनेट, रेडिएटर, एक हेडलाइट. आरसी जुन्या मालकाच्या नावावर, पॉलिसीही त्यांच्याच नावावर, क्लेम नामंजूर. सगळा खर्च माझ्या खिशातून. गाडी हस्तांतरित झाल्यावर थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) कायद्याने तुमच्याकडे आला असं मानतात, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल. तो भरा.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. मी वकील नाही, आरटीओतलं माझं कोणी नाही. नियम आणि फी बदलत राहतात, तेव्हा कराडच्या कार्यालयात एकदा खात्री करा.

मालकांना नम्रपणे म्हणा, "काका, गाडी आवडली आहे, पण आधी एचपी उतरवून आणा, त्याच दिवशी व्यवहार करू." सचोटीचा माणूस रागावणार नाही. एजंट मध्ये असेल तर तो घाई करेल, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणेल. जाऊ द्या. वॅगन-आर काही दुर्मीळ नाही. मालक तयार नसतील तर त्यांना हेही सांगा की नाव बदललं नाही तर धोका त्यांनाच जास्त. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार.

परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा. एचपी, विम्याची मुदत, नोंदणीची मुदत तिथे दिसते. ई-चलान वेगळं तपासा आणि थकलेलं सगळं मालकांकडून भरून घ्या. एनओसी हातात आलं की काउंटरवरून हलण्याआधी चासी नंबर, इंजिन नंबर आणि नावाचं स्पेलिंग आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. बऱ्याच बँका आता एनओसी ऑनलाइन पाठवतात, तशी सोय असेल तर उत्तम.

कर्ज अजून चालू आहे असं निघालं तरी घाबरू नका, पण पैसे मालकाच्या हातात देऊ नका. दोघांनी मिळून शाखेत जा, किती भरायचं त्याचं पत्र घ्या आणि तेवढी रक्कम थेट कर्ज खात्यात भरा.

कंपनी टाळाटाळ करत असेल तर काकांना एक हत्यार आहे, जे आमच्या वेळी नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करून नोंदवलेला बोजा काढणं बंधनकारक आहे, उशीर कंपनीमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्याआधी फिटलेल्या कर्जाला ते लागू पडणार नाही, म्हणून शेवटच्या हप्त्याची तारीख विचारा. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार कर्जदारानेच करायची आहे, तुम्ही नुसतं मसुदा लिहून द्या.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे फॉर्म) सह्या, आणि थोडी रक्कम आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवायची, हे साध्या कागदावर का होईना पण लिहून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन नंतर बघू, असं करू नका.

आता न विचारलेलं एक मत. तुम्ही नवे चालक आहात, तर २०१६ च्या ऐवजी एप्रिल २०१९ नंतरची गाडी मिळते का पाहा, जरा जास्त चाललेली असली तरी. तेव्हापासून सगळ्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सरसुद्धा. २०१६ च्या वॅगन-आरमध्ये हे व्हेरियंटप्रमाणे असतं किंवा नसतं. पावसात नवख्याने करकचून ब्रेक दाबला की एबीएस काय करतं ते मी पाहिलंय. अलॉय आणि टचस्क्रीनवर पैसे घालवण्यापेक्षा हे बघा. डिझेल घेऊ नका, तुमचं रोजचं रनिंग तेवढं नाही.

गाडी आपल्या भागातली असल्याने आणखी एक. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात पुष्कळ गाड्या पाण्यात होत्या, २०२१ ला चिपळूणमध्येही. त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. खालची मॅट नाही, कार्पेटच उचलून बघा. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला चिखल, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्यावर मातकट रेघ दिसली तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही कमी असो.

काकांना विचारा की शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात गेला आणि एनओसीसाठी त्यांनी अर्ज केलाय का. ते इथे लिहा, गाडीचा नंबर झाकून. त्यावरून तक्रारीचा मसुदा कसा करायचा ते सांगतो.