ताबापत्रावरची तारीख आधी बघा

प्रश्न: नागपूरच्या बेसा भागात आमचं रो-हाउस आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मागच्या 20 × 18 फुटांच्या अंगणात कृत्रिम हिरवळ बसवून घेतली. खाली काळी माती. पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी हटत नाही, वास येतो, मागच्या भिंतीला ओल धरते. गच्चीचे पाइपही तिथेच उतरतात. बिल्डर म्हणतो, हिरवळ तुम्ही टाकली. टर्फवाला म्हणतो, माती खराब. 2021 च्या दसऱ्याला ताबा मिळाला. केस कोणावर करावी? (ताबापत्र, करारनामा, टर्फवाल्याचं कोटेशन, फोटो सोबत.)

उत्तर: पावसाळा लागला की मानेवाडा, बेसा, वर्धा रोडकडून असाच प्रश्न येतो, आणि प्रत्येकाला घाई असते ती केस कोणावर करायची याची. ते नंतर ठरेल. बिल्डरला लेखी कधी कळवलं, ते सांगा. पत्रात तुम्ही लिहिता, "साइट इंजिनिअरला दोन-तीनदा बोललो." बोलण्याची पोच मिळत नाही.

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवासुविधांमधला दोष ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्यानं तो 30 दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. पाच वर्षांत तक्रार दाखल करा असं हे कलम म्हणत नाही, कळवा म्हणतं. तुम्ही दसरा धरून बसला आहात. तो त्या वर्षी 15 ऑक्टोबरला होता. पण तुमच्याच सहीच्या ताबापत्रावर तारीख आहे 6 सप्टेंबर 2021. चाव्या नंतर मिळाल्या असतील, बिल्डर मात्र कागदच दाखवणार. तेव्हा 5 सप्टेंबर 2026 ही शेवटची तारीख समजा. आज जुलै आहे. नोटीस त्याआधी पोचायला हवी, नुसती टाकून भागणार नाही.

नोटिशीत "अंगणात पाणी साचतं" एवढंच लिहिलंत, तर तो हिरवळीकडे बोट दाखवेल. हिरवळीच्या आधीपासून असलेले, त्याच्या कामातले दोष मोजून लिहा. 50 मिमी पावसात तुमच्या 360 चौरस फुटांवर सुमारे 1,670 लिटर पाणी पडतं. गच्ची 800 चौरस फूट धरली, तर तिचं आणखी 3,700 लिटर त्याच अंगणात उतरतं. म्हणजे तुमचं भांडण मुख्यतः गच्चीच्या पाण्याचं आहे, आणि ते पाइप टर्फवाल्यानं लावलेले नाहीत. इंजिनिअर बोलावून ऑटो लेव्हलनं जोत्याची, अंगणाच्या चारही कोपऱ्यांची आणि पावसाळी चेंबरच्या तळाची पातळी घ्या. उतार घराकडे असेल, किंवा चेंबरचा तळ अंगणापेक्षा उंच असेल, तर तो अहवाल शंभर फोटोंपेक्षा जड. मंजूर नकाशात पावसाळी नाली दाखवली आहे का, तेही बघा. नकाशात आहे आणि जागेवर नाही, असं निघालं तर तुमची बाजू बरीच बळकट होते.

फोटोंबद्दल एक. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेचे फोटो तुम्ही सर्वात वर ठेवलेत. त्या पहाटे शहरातल्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरलं होतं. "ही नैसर्गिक आपत्ती" म्हणायला बिल्डरला यापेक्षा चांगला पुरावा कोण देईल? साध्या तासाभराच्या पावसानंतर 24 तासांनीही उभं असलेलं पाणी, त्यात उभी पट्टी धरून दाखवा.

करारातली ती ओळ: लेखी संमतीविना बदल केल्यास दोषदायित्व (दोष दुरुस्त करण्याची बिल्डरची जबाबदारी) संपेल. बिल्डर तीच पुढे करणार. माझ्या मते जोता, भिंत किंवा पाइपांना हात न लावता अंगणात अंथरलेली हिरवळ त्यात बसू नये, आणि कलम 89 प्रमाणे रेराच वरचढ ठरतो. पण याची हमी मी देणार नाही. टर्फवाल्यानं चेंबरचं तोंड बुजवलं असेल, तर चित्र बदलेल.

म्हणून एक कोपरा 3 × 3 फूट उघडा, दोघांना आधी लेखी कळवून. भारी जमिनीवर हिरवळीखाली सहा-आठ इंच माती काढून जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर चार इंच 20 ते 40 मिमी गिट्टी, वर धूळ चाळून काढलेली बारीक खडी, आणि चेंबरकडे 1:100 उतारानं जाणारा 110 मिमीचा छिद्रांचा पाइप लागतो. 20 फुटांत अडीच इंचांचा उतार. तुमच्या कोटेशनमध्ये फक्त "मुरूम व डस्ट" दिसतं. ती डस्ट पहिल्याच पावसात गाळ होऊन हिरवळीच्या तळाची भोकं बुजवते. ही सेवेतली त्रुटी टर्फवाल्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात मांडता येईल. मुदत 2 वर्षं, आणि सुरक्षित म्हणून ती फेब्रुवारी 2025 पासून मोजा. सगळी हिरवळ उपटून मगच वकिलाकडे येणाऱ्यांना काय सांगावं, कळत नाही.

बिल्डरविरुद्ध दुरुस्तीचा आदेश महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) देईल, भरपाई तिथलाच न्यायनिर्णय अधिकारी ठरवेल. अर्ज वेगळे, प्रत्येकी शुल्क 5,000 रुपये. कायद्यात निकालाला साठ दिवस लिहिलेत. तेवढ्यात सुनावणीची पहिली तारीख लागली तरी नशीब समजा. हे सगळं प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे असं धरून. आठ किंवा त्याहून कमी घरांची योजना असेल, तर नोंदणी आधी तपासा.

तोवर कुंपणाच्या भिंतीला भोक पाडून पाणी शेजाऱ्याकडे सोडू नका. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं उताराच्या नैसर्गिक पाण्याला वाट दिली आहे, गच्चीच्या पाइपाला नाही.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टानं करारातल्या पत्त्यावर पाठवा, तीच ईमेलवरही. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्यासह परत आलं, तर ते न फोडता ठेवा.