फ्रेमची किंमत फुटावर की कामावर?

प्रश्न : लोकांनी आणून दिलेल्या चित्रांना मी मापाप्रमाणे फ्रेम करून देतो. फ्रेमच्या पट्टीच्या फुटामागे एकच दर लावतो. काच, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) आणि मजुरी त्यातच धरतो. काम भरपूर असूनही महिनाअखेर हाती काही उरत नाही. हिशेबात चूक कोठे होत असावी?

उत्तर : दर कमी असेलही, परंतु मूळ चूक तो ज्या मापाला लावला आहे त्या मापात आहे. पट्टी परिमितीप्रमाणे लागते, तर काच, माउंट आणि मागचा बोर्ड क्षेत्रफळाप्रमाणे, आणि ही दोन मापे सारख्या वेगाने वाढत नाहीत. १२ × १६ इंचांच्या चित्राभोवती २ इंचांचा माउंट ठेवला, की काच १६ × २० इंचांची लागते. परिमिती ५६ वरून ७२ इंचांवर गेली; काच मात्र १९२ वरून ३२० चौरस इंचांवर, म्हणजे तब्बल दोन तृतीयांशाने वाढली. मधली तूट तुम्ही पदरमोड करून भरता.

पट्टीचा हिशेबही ७२ इंचांवर संपत नाही. कोपरे ४५ अंशांत कापायचे असल्याने प्रत्येक बाजूच्या दोन्ही टोकांना पट्टीच्या रुंदीइतकी लांबी जास्त लागते. म्हणून परिमितीत रुंदीची आठपट मिळवावी. दीड इंची पट्टीसाठी ७२ अधिक १२, असे ८४ इंच, म्हणजे ७ फूट झाले. (काच खाचेत बसते, त्यामुळे प्रत्यक्षात किंचित कमी लागते, पण करवतीच्या पात्याला तेवढी सवड हवीच.) १० फुटी पट्टीतून उरलेल्या ३ फुटांत, याच रुंदीची, आतून जेमतेम ६ × ६ इंचांची चौकट होते. असे तुकडे भिंतीला टेकून वर्षानुवर्षे उभे राहतात, तेव्हा त्यांचा काही भार दरात धरणे गैर नाही.

मजुरी मात्र फुटापासून पूर्णपणे सोडवावी. हाताएवढ्या चौकटीलाही आठ काप आणि चार कोपरे असतात, आणि काच पुसण्याचा वेळ फारसा घटत नाही. पुढच्या दहा कामांना लागलेली मिनिटे वहीत नोंदवा आणि त्यावरून प्रत्येक कामाची किमान मजुरी ठरवा. शेवटी नफा चढवताना एवढे ध्यानात असू द्या, की खर्चावर ५० टक्के चढवले तरी विक्रीच्या रकमेत नफा एक तृतीयांशच असतो, आणि भाडे, वीज व फुटलेली काच त्यातूनच भागवावी लागते.