ऑप्टिकल पीएच सेन्सरसाठी, म्हणजे रंग बदलून पीएच दाखवणाऱ्या सेन्सरसाठी, कुठला डाय (रंगद्रव्य) घ्यावा? काचेच्या इलेक्ट्रोडपेक्षा असा सेन्सर खरंच चांगला असतो का?

डायचं सांगते, पण आधी तो सेन्सरच्या पातळ थरात, फिल्ममध्ये, टिकणार कसा याचा विचार केलाय का? माझी पीएचडीची दोन वर्षं त्यातच गेली म्हणून विचारतेय.

आम्ही ब्रोमोथायमॉल ब्लू घेतला होता. टीईओएस या सिलिकॉनच्या संयुगापासून केलेल्या सोल-जेलमध्ये (वाळून काचेसारखा सच्छिद्र थर होणाऱ्या द्रावणात) मिसळायचा, काचेच्या स्लाइडवर डिप कोटिंग करायचं आणि वाळवायचं. सुरुवातीला निम्म्या फिल्मना वाळताना तडे, मे महिन्यातल्या तळ्यातल्या गाळासारखे, मग थोडं एमटीईएस (टीईओएसचंच भावंड) घातलं तेव्हा कुठे कमी झाले. पण फिल्म दिसायला एवढी झकास, पीएच ६ ला पिवळी आणि ८ ला निळी, की सर येईल त्याला दाखवायचे. एकदा संध्याकाळी मी एक स्लाइड पीएच ७ च्या बफरमध्ये तशीच विसरून घरी गेले, सकाळी येऊन बघते तर बीकरमधलं पाणी हिरवं आणि स्लाइड जवळजवळ कोरी! सरांना दाखवलं तर म्हणाले, "बीकर नीट धुतलं नसशील." मग मी हट्टालाच पेटले. नवी स्लाइड घेतली, रोज रात्री बुडवून ठेवायची, सकाळी पीएच ८ च्या ताज्या बफरमध्ये ६१६ नॅनोमीटरला अॅब्सॉर्बन्स (डाय किती प्रकाश शोषतो ते) घ्यायचा. सहा दिवसांत एक तृतीयांश उरला. हा ग्राफ थीसिसमध्ये नको असं ठरलं (कुणी ठरवलं ते कळलंच असेल), पहिल्या तासाचा तेवढा गेला.

डाय छिद्रांत नुसता अडकून बसलेला असतो हो. छिद्रं बारीक केली तर तो टिकतो, पण रंग बदलायलाही वेळ लागतो. म्हणून तो बांधूनच घ्या, कोव्हॅलंट बाँडने (पक्क्या रासायनिक बंधाने), किंवा निदान सीटॅब या साबणासारख्या धनभारित रसायनाबरोबर आयन-पेअर (विरुद्ध भारांची जोडी) करून. १९८० मध्ये पीटरसन वगैरेंनी रक्तासाठी फायबर ऑप्टिक प्रोब केला, त्यातही फिनॉल रेड पॉलिअॅक्रिलामाइडच्या बारीक मण्यांना बांधलेलाच होता. हा पेपर मला सरांनीच वाचायला दिलेला, काय बोलायचं!

डाय म्हणाल तर पीएच ७ च्या आसपास ब्रोमोथायमॉल ब्लू नाहीतर फिनॉल रेड, आम्लाकडे ब्रोमोक्रेसॉल ग्रीन. पण फिल्ममध्ये पीकेए (ज्या पीएचला डायचा रंग अर्धा बदललेला असतो तो आकडा) सरकतो, पुस्तकातला आकडा धरून बसू नका.

इलेक्ट्रोडपेक्षा चांगला? साध्या बीकरमधल्या पाण्यासाठी अजिबात नाही. इलेक्ट्रोड २५ अंशांना दर पीएचला ५९ मिलिव्होल्ट सरळ रेषेत देतो, डाय पीकेएच्या अलीकडे-पलीकडे एकेक पीएचच काय तो धड चालतो, त्यात मीठ बदललं की रीडिंगही बदलतं. इलेक्ट्रोड शिरत नाही अशा जागी मात्र ऑप्टिकलच.

माझं ऐकाल तर पीएच सोडा आणि ऑक्सिजन घ्या. रुथेनियम कॉम्प्लेक्स (ऑक्सिजनने ज्याची चमक मंदावते असा डाय) सिलिकॉन रबरमध्ये घातलं की पाणी आत शिरत नाही, त्यामुळे डाय धुऊन जायची भीती फार कमी, आणि इंटेन्सिटीऐवजी (चमक किती) लाइफटाइम (चमक किती वेळ टिकते) मोजलात तर डाय थोडा ब्लीच झाला तरी फारसं बिघडत नाही.

हां, एकदा वापरून फेकायची पट्टी करायची असेल तर वरचं लीचिंगपुराण (डाय धुऊन जाण्याचं) विसरा, तिथे नुसता अडकवलेला डायही चालतो. पण तुमच्या गाइडना "सात दिवस चालला" असं लिहायचं असेल तर सात दिवस बुडवून बघा आणि तो ग्राफ घालाच.

आणि बीकर स्वच्छ होतं.