मंडळीच्या (चर्चच्या) नव्या खजिनदारास

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम. पंच कमिटीनं तुला खजिनदार नेमलं, फार आनंद झाला. पहिल्याच बैठकीत सांगून टाक, की दानार्पण तू एकटा मोजणार नाहीस. कुणी म्हणेल, ‘आमचा तुझ्यावर विश्वास आहे.’ मंडळ्यांचा प्रेषित पौलावरही होता. तरी यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेली वर्गणी नेताना त्यानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणाला दोष द्यायला जागा राहू नये म्हणून (2 करिंथ 8:19-21).

उपासना संपली की दानाच्या थैल्या तिथंच, सर्वांसमोर रिकाम्या करा. मोजणारे दोघं एका घरातले नकोत. आधी पाकिटांवरचे नंबर आणि रकमा उतरवा, मग सुट्या नोटा. एकानं मोजल्यावर दुसऱ्यानं पुन्हा मोजायचं. आकडा जुळला तरच शाईनं लिहून दोघांनी सह्या करायच्या. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर अजिबात नको. सोमवारी सगळी रक्कम बँकेत. वायरमनचे सातशे थैलीतूनच देऊन टाकले, की मोजणीचा कागद आणि बँकेची स्लिप कधीच जुळत नाहीत. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच लाव, स्वतःच्या नंबरवर अर्पण घेऊ नकोस.

तीनशे रुपये कमी भरले तर खिशातून घालू नकोस. भला माणूस इथंच फसतो. तूट झाकली की ती का आली हे कळत नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येते. ‘तूट 300’ असं कीर्दीत लिही, त्याच दिवशी सेक्रेटरींना सांग. जादा निघाले तरी तसंच.

सर्वांत जपायचं ते राखीव निधीला. छपरासाठी आलेले पैसे ‘तात्पुरते’ पगाराला वापरले जातात. चोरी कुणीच करत नाही, परत भरायची इच्छाही खरी असते. पण देणाऱ्याला आपण छप्पर सांगितलेलं असतं. हनन्याची गोष्ट नीट वाच (प्रेषितांची कृत्ये 5). जमीन त्याची होती, विकल्यावरचे पैसेही त्याच्याच हाती होते, हे प्रेषित पेत्रच म्हणतो. काही भाग ठेवून घेणं हे पाप नव्हतं. उरलेलं प्रेषितांपुढे आणून सगळं दिल्यासारखं दाखवणं, हे होतं. म्हणून प्रत्येक निधीचं पान वेगळं ठेव. दुसरीकडे वळवायची वेळ आलीच, तर आधी देणाऱ्यांना विचारा, मग ठराव करून इतिवृत्तात लिहा.

कुणी किती दिलं हे मात्र घरीसुद्धा बोलायचं नाही. खरं बोलणं म्हणजे सगळं बोलणं नव्हे. गुप्त दानाची गोष्ट प्रभूनं स्वतःच सांगितली आहे (मत्तय 6:3-4).

पहिल्या महिनाअखेरीला कीर्द आणि पासबुक घेऊन ये, दोघं बसून ओळीनं जुळवू.

तुझा,
काका